पोझोलाना राख

स्वतः पाण्यात न आवळणारी, पण चुना आणि पाणी मिळाल्यावर त्यांच्याशी संयोग पावून दगडासारखी घट्ट होणारी सिलिकायुक्त राख. औष्णिक वीजकेंद्रातील फ्लाय ॲश (धुराबरोबर उडणारी कोळशाची बारीक राख), भाताच्या तुसाची राख आणि साखर कारखान्यातील बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख ही काँक्रीटमध्ये काही सिमेंटऐवजी वापरता येणारी टाकाऊ द्रव्ये या वर्गात मोडतात. लोखंडाच्या झोतभट्टीतील दाणेदार धातुमळी (स्लॅग) काटेकोर अर्थाने पोझोलाना नव्हे. तिच्यात स्वतःचा चुना पुरेसा असतो व सिमेंटमधील अल्क (अल्कली) तिला केवळ चेतवतो.

नाव नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून आले. तिकडच्या ज्वालामुखी चूर्णात चुना मिसळलेले बांधकाम समुद्राच्या पाण्यातही घट्ट होते, अशी नोंद रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने इ. स. पू. पहिल्या शतकात केली आहे. मात्र तेवढ्यावरून शोधाचे श्रेय रोमनांना देणे घाईचे ठरेल. सँटोरिनी बेटावरची ज्वालामुखी माती ग्रीकांनी त्याआधीच वापरली, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ऱ्होड्सवरील कामिरॉसच्या पाण्याच्या टाक्याचा दाखला देतात. टाक्याचा काळ काही शतकांच्या अंतराने सांगितला जात असला, तरी ग्रीकांच्या अग्रक्रमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. आपल्याकडची सुरखी (फार्सी ‘सुर्ख’ म्हणजे लाल) ही विटांची पूड त्याच गुणाची. ती किंचित कमी भाजलेल्या विटांची चांगली. जळून काचेसारख्या झालेल्या विटांची पूड म्हणजे निव्वळ वाळू.

राखेचेही तसेच आहे. सिलिका किती आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात आहे, हे निर्णायक असते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोकळे होते. अस्फटिकी (काचेसारखी, अणूंची ठरावीक रचना नसलेली) सिलिका त्याला धरून नवा बंधक तयार करते, स्फटिकी सिलिका तशीच पडून राहते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस आणि तुसाचा सुमारे पाचवा हिस्सा राख असते. या राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते. पण जाळताना तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या फार वर गेले, की ती स्फटिकी होऊ लागते. उलट अर्धवट जळालेली राख काळी राहते. तिच्यातला कार्बन पाणी आणि प्लॅस्टिसायझर (काँक्रीट प्रवाही करणारे रसायन) शोषून घेतो, मिश्रण ताठर होते आणि पृष्ठभागावर काळी साय येते.

बगॅसच्या राखेत हा दोष ठळक असतो, शिवाय उसाबरोबर आलेली शेतातली वाळूही असते. बॉयलरखालची राख बहुधा पाण्याने वाहून नेलेली, म्हणून आधी सुमारे १०५ अंशांवर वाळवावी. मग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढावी; वर राहतात ते काळे तंतू टाकून द्यावेत. उरलेली राख सिमेंटइतकी बारीक होईपर्यंत बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांच्या फिरत्या चक्कीत) दळावी. दळल्याशिवाय तिचा विचारच करू नये. दळलेली राख साधारणपणे १० ते २० टक्के सिमेंटऐवजी चालते, म्हणजे ५० किलोच्या गोणीमागे ५ ते १० किलो. मोजणी वजनानेच करावी, कारण राख हलकी असल्याने घमेल्याचे माप फसवते.

फ्लाय ॲशसाठी आयएस (भारतीय मानक) ३८१२ हे मानक आहे. चुन्याशी क्रियाशीलता आयएस १७२७ प्रमाणे तपासतात. त्यासाठी ५० मिमीचे घन ५० अंशांवर ८ दिवस ठेवून दाबतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ : २००० या मानकामध्ये तुसाच्या राखेचाही उल्लेख आहे. उत्तर प्रदेशातील रिहांद धरणात फ्लाय ॲश वापरली गेली. महाराष्ट्रातील घाटघरच्या रोलर-दाबित (कोरडसर काँक्रीट रोलरने दाबून बांधलेल्या) धरणांत तर तिचे वजन सिमेंटपेक्षा अधिक होते.

साइटवरची नेहमीची चूक म्हणजे पीपीसीमध्ये (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) पुन्हा राख घालणे. त्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश कारखान्यातच मिसळलेली असते. बदली ओपीसीतच (साध्या पोर्टलँड सिमेंटमध्येच) करावी. सुरुवातीची ताकद मंद चढत असल्याने सेंटरिंग (काँक्रीटला आधार देणारा साचा) काढण्याची घाई नडते. पाणी किमान १० दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १४ दिवस मारावे लागते. नीट मुरलेले असे काँक्रीट खाऱ्या हवा-पाण्यातील, सळई गंजवणाऱ्या क्लोराइडला चांगले अडवते, म्हणून कोकण-गोव्याच्या किनारी ते उपयोगी. पण पाणी कमी पडले, तर चुना राखेने खाल्लेला आणि छिद्रे उघडीच, अशी अवस्था होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने आत शिरतो आणि सळईभोवतीचे अल्क-संरक्षण लवकर संपते.