मेबल नॉर्मंड आणि मूक विनोदपटाचा आरंभकाळ

चार्ली चॅप्लिन यांच्या चरित्रात मेबल नॉर्मंड यांचे नाव एका भांडणापुरते येते. प्रत्यक्षात, चॅप्लिन कीस्टोन या चित्रपट कंपनीत नवखे नट म्हणून दाखल झाले तेव्हा नॉर्मंड तेथील आघाडीच्या अभिनेत्री होत्या आणि स्वतः दिग्दर्शनही करू लागल्या होत्या. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर त्यांचे मोल कळत नाही.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर १८९२ च्या सुमारास जन्मलेल्या नॉर्मंड किशोरवयातच चार्ल्स डेना गिब्सन यांच्यासारख्या चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसत. तेथून त्या चित्रपटांत आल्या आणि बायोग्राफ कंपनीत त्यांची विनोदपटकार मॅक सेनेट यांच्याशी गाठ पडली. सेनेट यांनी १९१२ मध्ये कीस्टोनची स्थापना केली, तेव्हा त्याही त्यांच्याबरोबर लॉस एंजेलिसला गेल्या. त्या काळच्या विनोदपटांत देखण्या स्त्रीने नायकाच्या प्रेमाचा विषय व्हावे आणि हसे मात्र इतरांचे व्हावे, अशी रीत होती. नॉर्मंड यांनी सौंदर्य आणि धसमुसळेपणा एकाच देहात आणले. त्या पाण्यात उड्या मारत, चिखलात पडत, आणि १९१३ च्या एका विडंबनपटात तर त्यांना रुळांना बांधलेले दिसते.

१९१४ च्या आरंभी ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट’ या त्यांच्याच चित्रपटासाठी चॅप्लिन यांनी आपला सुप्रसिद्ध भटक्याचा वेश प्रथम चढवला. पुढे ‘मेबल ॲट द व्हील’च्या वेळी दिग्दर्शन करणाऱ्या विशीतल्या या तरुणीच्या सूचना मानण्यास त्यांनी नकार दिला. कटुता पुढे निवळली आणि दोघांनी एकत्र कामही केले; परंतु इतिहासाने लक्षात ठेवले ते भांडण, नॉर्मंड यांचे दिग्दर्शन नव्हे, ही खंत वाटते.

विनोदी नट रोस्को आर्बकल यांच्याबरोबरची त्यांची जोडी लोकप्रिय झाली, आणि १९१८ च्या ‘मिकी’ने मोठे यश मिळवले. मात्र १९२१ मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूप्रकरणी आर्बकल यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले, तरी त्यांची कारकीर्द उद्ध्वस्त झाली. फेब्रुवारी १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा खून झाला, आणि त्या संध्याकाळी त्यांना भेटून गेलेल्या नॉर्मंड यांचे नाव वर्तमानपत्रांनी चघळले. १९२४ च्या नववर्षदिनी त्यांच्या वाहनचालकाने त्यांच्याच पिस्तुलाने एकाला जखमी केले. यांतील एकाही प्रकरणात त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी लोकापवाद चिकटला तो सुटला नाही. क्षयाने पोखरलेल्या प्रकृतीत पुनरागमनाचा प्रयत्न करून २३ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्या कॅलिफोर्नियातील आरोग्यधामात वारल्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००९ साली समाविष्ट झालेल्या ‘मेबल्स ब्लंडर’ या १९१४ च्या चित्रपटात त्या दिग्दर्शिकाही आहेत आणि नायिकाही. वाहनचालकाचे कपडे चढवून आपल्या प्रियकरावर पाळत ठेवणारी ती तरुणी संशय, राग आणि फजिती केवळ डोळ्यांच्या हालचालींतून उभी करते.