पहिला भाग आधी न्या : रहस्यकथांच्या सभासदांसाठी थोडी माहिती

म्हापशाच्या आमच्या वाचनालयात रोज एक प्रश्न हमखास येतो : "ह्या मालिकेतलं कुठलंही पुस्तक आधी वाचलं तर चालेल ना?" शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

काही मालिकांना चालतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातला झुंजार घ्या नाहीतर काळापहाड, हाताला येईल ते पुस्तक उचला, गोष्ट त्यातच सुरू होते आणि त्यातच संपते. पण जिथे गुप्तहेराची माणसं, मैत्री, वय पुस्तकागणिक पुढे सरकतं, तिथे मधूनच शिरलात तर खून कुणी केला ते कळेल, एवढंच.

बंगाली गुप्तहेर फेलूदाचं उदाहरण घ्या. सत्यजित राय यांनी त्याची पहिली कथा 1965 मध्ये लिहिली. तेव्हा फेलूदा आणि त्याचा चुलतभाऊ तोपशे दोघेच होते. लालमोहनबाबू, म्हणजे 'जटायू' ह्या नावाने रहस्यकथा लिहिणारे लेखक, भेटतात ते 1971 च्या 'सोनार केल्ला'त, राजस्थानच्या प्रवासात. आधीच्या कथा वाचलेल्यांना ह्या माणसाचं येणं जाणवतं. नंतरच्या पुस्तकापासून सुरुवात करणाऱ्याला जटायू पहिल्यापासूनच तिथे होते असं वाटतं आणि ती गंमत हातची जाते. फेलूदा मराठीत आहे, आमच्याकडेही आहे. घरात शाळकरी मुलं असतील तर सुरुवात इथूनच करा.

आता ज्या चुकीत सगळ्यात जास्त वेळ जातो तिच्याबद्दल. बरेच सभासद आतल्या पानावरचं साल बघून क्रम लावतात. ते साल बहुतेक वेळा पुनर्मुद्रणाचं असतं. 1920 ची कादंबरी 2010 च्या छपाईत असेल, तर ती 1975 च्या कादंबरीनंतरची ठरत नाही! अॅगाथा ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो, त्याच्या बाबतीत नेमकं हेच होतं. डिचोलीच्या एका सभासदांनी कोरं दिसलं म्हणून 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' मागे ठेवलं, जुनं दिसलं म्हणून 'कर्टन' आधी नेलं आणि आठवड्याने हिरमुसले होऊन परत आले. 'स्टाइल्स' ही पॉयरोची पहिली कादंबरी, 1920 ची. 'कर्टन' शेवटची. ख्रिस्तींनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवली होती, छापून आली 1975 मध्ये. तीत स्टाइल्सचं तेच घर परत येतं आणि गोष्ट सांगायला पहिल्या कादंबरीतलाच पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज असतो. मधली तीसेक पुस्तकं वाचून त्या घरात परत शिरताना गळा दाटून येतो. ते सुख पहिल्याच आठवड्यात उधळून टाकू नका.

म्हणून आम्ही प्रत्येक मालिकेच्या पुस्तकाच्या कण्यावर काळ्या शाईने क्रमांक घालतो. साल बघू नका, तो आकडा बघा. शेवटच्या भागांच्या मलपृष्ठावर आम्ही खाकी कागद चिकटवतो, त्यावर काहींची नाराजी आहे. पण तिथला मजकूर आधीच्या भागांतलं बरंच काही फोडतो. कागद कृपया सोलू नका.

होम्सचं विचारणारेही पुष्कळ. 4 कादंबऱ्या, 56 कथा. छापून आल्या त्याच क्रमाने वाचा. 1893 मध्ये लेखकाने होम्सला संपवलं आणि 1903 मध्ये परत आणलं. वाचक त्या काळी दहा वर्षं थांबले होते, तुम्हाला फक्त पुढचं पुस्तक न्यायला यायचं आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजी पुस्तकं कधी कधी दोन नावांनी निघालेली असतात. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणून आलं. नवीन समजून तेच पुस्तक दोनदा घेतलेले ग्राहक आहेत. पैसे देण्याआधी विचारा, आम्ही सांगतो.

एका वेळी दोनच भाग का देतो, हाही प्रश्न असतो. कोणी पाच भाग एकदम नेऊन चतुर्थीपर्यंत घरी ठेवले, तर तिसऱ्या भागावर आलेला दुसरा सभासद अडकतो. शिवाय पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकाला बुरशी धरते. वाचून झालं की आणून द्या, पुढचे दोन लगेच न्या.

आमची इंग्रजी पुस्तकं बरीचशी किनाऱ्यावरचे पाहुणे जाताना देऊन जातात, त्यामुळे एखादा मधला भाग नसतो. तेव्हा तो गाळून पुढे जाऊ नका. काउंटरवरच्या वहीत मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा लिहून ठेवा. ऑक्टोबरनंतर सीझन सुरू झाला की नवे गठ्ठे येतात, ते उघडताना आम्ही आधी ती वही बघतो. पुस्तक आठ दिवस तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.