पिंजरा उघडायचा, पण कुठे?

१८५५ च्या मे महिन्यात बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधल्या सिमुन्जान नदीच्या परिसरात आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एका ओरांगउटान मादीवर गोळी झाडली. संग्रहालयांसाठी नमुने गोळा करणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता, त्यामुळे त्यात त्याला फारसं वावगं वाटलं नाही. पण मादी पडली तिथेच चिखलात एक पिल्लू पालथं पडलेलं सापडलं. फूटभर लांबीचं, तोंडात एकही दात नाही. त्याने ते उचलून घरी आणलं, तर वाटेत पिल्लाने त्याची दाढी अशी काही मुठीत धरली की सोडवता सोडवता पुरेवाट झाली.

आईला मारणारा माणूसच मग त्या पिल्लाची आई व्हायला बसला. आसपास दूध मिळेना, तेव्हा बाटलीच्या बुचात पिसाची नळी खोचून पेजेचं पाणी पाजायचं. पिल्लाला सतत काहीतरी केसाळ धरायला लागतं हे लक्षात आल्यावर त्याने केस असलेल्या कातड्याची गुंडाळी करून जमिनीपासून फूटभर वर टांगली. या खोट्या आईला पिल्लू बिलगलं, आणि दूध शोधता शोधता तोंडात केसांचे पुंजके जाऊन गुदमरायला लागलं. ती आई मोडावी लागली. जेमतेम तीन महिने पिल्लू जगलं. वॉलेसने हळहळत त्याची हकिगत लिहिली आणि कातडं नि सांगाडा जपून ठेवला.

पोरक्या ओरांगउटानला माणसाने वाढवण्याच्या तपशीलवार नोंदींमधली ही अगदी सुरुवातीची. यात पुढच्या सगळ्या कामाचं बीज आहे: बंदूक, बाटली, खोटी आई. फक्त एक प्रश्न वॉलेसला पडला नव्हता, कारण तेव्हा तो नव्हताच. पिल्लू जगलं असतं, तर त्याला सोडायचं कुठे? दाराबाहेर जंगलच जंगल होतं. बोर्निओत आज हे काम करणाऱ्या संस्थांचा निम्मा जीव या एका प्रश्नात अडकलेला आहे, आणि तो तिथवर कसा आला, तीच इथली गोष्ट.

मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे वन. आपला ‘वनमानुष’ अक्षरशः तोच. माकड मात्र म्हणू नये. हा शेपूट नसलेला कपी आहे, आणि मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते. पिल्लू सहा ते आठ वर्षं आईला सोडत नाही. कोणतं फळ कधी पिकतं, कोणती साल सोलायची, वाळवी कशी काढायची, झोपायला फांद्या वाकवून घरटं कसं विणायचं, हे सगळं ते आईकडे बघून शिकतं. म्हणून पोरकं पिल्लू नुसतं उपाशी नसतं, अडाणीही असतं.

कायदा तसा जुना. डच अमलातल्या ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, १९३१ सालीच ओरांगउटानला संरक्षण मिळालं. पण जप्त केलेल्या पिल्लाचं करायचं काय, हे कायद्यात नव्हतं. सारावाकमध्ये हा प्रश्न १९५६ मध्ये थेट एका घरात आला. कुचिंगच्या संग्रहालयाचे प्रमुख टॉम हॅरिसन यांच्याकडे जप्तीची पिल्लं येऊ लागली, आणि ती सांभाळायचं काम त्यांच्या पत्नी बार्बरा यांच्या अंगावर पडलं. त्या प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या. पण पिल्लांना पिंजऱ्याऐवजी बागेतल्या झाडांवर चढवायला हवं, हे त्यांनी ओळखलं, आणि त्यांचा तरुण दयाक (बोर्निओतल्या आदिवासींपैकी) मदतनीस स्वतः झाडावर चढून पिल्लांना धडे देऊ लागला. पुढे बाको राष्ट्रीय उद्यानात त्यांनी काही पिल्लांना मोकळं सोडायचा प्रयत्न केला. त्याच धाग्याने १९६४ मध्ये शेजारच्या साबामध्ये सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

१९७१ मध्ये ओरांगउटानच्या अभ्यासक बिरुटे गाल्डिकास यांनी दक्षिण बोर्निओतल्या तांजुंग पुटिंगमध्ये कॅम्प लीकी हा तळ उभारला, सुमात्रात केताम्बेचं केंद्र सुरू झालं, मागोमाग बोहोरोकचं. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. पिल्लं जप्त करायची, तब्येत सुधारायची, जंगलाच्या कडेला सोडायची आणि मचाणावर रोज केळी-दूध ठेवायचं. पर्यटकही यायचे. चांगलं चाललंय असंच वाटायचं.

खोट हळूहळू दिसली. माणसात वाढलेला कपी माणसाचे आजार घेऊन जंगलात जातो. क्षय, हिपॅटायटिस. जिथे आधीच रानटी ओरांगउटान राहतात, तिथे असा पाहुणा सोडणं म्हणजे वस्तीत साथ सोडण्याचा धोका. शिवाय त्या जंगलात खाणारी तोंडं आधीच पुरेशी असतात. १९९५ मध्ये इंडोनेशियाने नियम केला की, रानटी ओरांगउटान असलेल्या जंगलात पुनर्वसित प्राणी सोडायचे नाहीत. नियम शहाणपणाचाच होता. पण त्यामुळे सोडण्यासाठी असं जंगल हवं झालं की जे ओरांगउटानला मानवेल, तरी तिथे ओरांगउटान नसेल. असं जंगल रिकामं का असतं? बहुतेकदा शिकारीने किंवा तोडीने. म्हणजे आधी ते कारण संपलंय का, हेही बघायचं.

याच सुमारास बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बालिकपापान शहरात एक प्रकरण सुरू झालं होतं. विली स्मिट्स हे मूळचे नेदरलँड्सचे वनशास्त्रज्ञ. जंगली झाडांच्या मुळांवरच्या बुरशीवर काम करण्यासाठी ते वानारिसेत या वनसंशोधन केंद्रात होते. १९८९ मध्ये बाजारात कोणीतरी एक पिंजरा त्यांच्यासमोर धरला. आत आजारी पिल्लू. ते पुढे निघून गेले, पण त्या डोळ्यांनी पिच्छा सोडला नाही. संध्याकाळी परत आले तर बाजार उठलेला, आणि मेल्यासारखं झालेलं पिल्लू कचऱ्याच्या ढिगावर फेकलेलं. स्मिट्सनी ते घरी नेलं. तीच उचे. ती वाचली, आणि ही बातमी पसरल्यावर आणखी पिल्लं येऊ लागली.

पिल्लांना तोटा नव्हता. ऐंशीच्या दशकात तैवानमध्ये टीव्हीवरच्या एका ओरांगउटानमुळे घरी असा प्राणी पाळायची टूम निघाली होती आणि शेकड्यांनी पिल्लं तिकडे गेली. प्रत्येक पिल्लामागे एक मारलेली आई असते, कारण जिवंत आई पिल्लू सोडत नाही. आणि बाजारापर्यंत न पोहोचताच मेलेल्या पिल्लांची गणती कुणीच ठेवत नाही.

१९९१ मध्ये स्मिट्सच्या या खटाटोपाला संस्थेचं रूप आलं. सुरुवातीच्या पैशांत बालिकपापानच्या शाळकरी मुलांनी जमवलेली वर्गणी होती. पुढे हीच ‘बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल फाउंडेशन’, म्हणजे बीओएस. वानारिसेतची पद्धत जुन्या केंद्रांपेक्षा कडक होती. आल्याबरोबर विलगीकरण, रक्ततपासणी, मग वयानुसार गट, आणि माणसांशी संपर्क कमीत कमी. पर्यटकांना आत सोडायचं नाही. हे लोकांना रुचलं नाही, पण बरोबर होतं.

मग १९९७ साल आलं. त्याआधीची दोन वर्षं मध्य कालिमांतानमध्ये (कालिमांतान म्हणजे बोर्निओचा इंडोनेशियातला भाग) इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारची दहा लाख हेक्टर भातशेतीची योजना रेटली जात होती. ही जमीन पीटची. पालापाचोळा हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साचतो आणि काही ठिकाणी त्याचा दहा मीटरहून जाड थर होतो. तो भिजलेला आहे तोवर सुरक्षित. योजनेने चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले आणि त्यातून पाणी वाहून गेलं. जमीन आम्ल, भात आला नाही. योजना नंतर गुंडाळली गेली, कालवे तसेच राहिले. १९९७ मध्ये एल निन्योचा दुष्काळ पडला आणि वाळलेलं पीट पेटलं. ही आग नेहमीच्या वणव्यासारखी वरून पळत जात नाही. ती जमिनीखाली धुमसते, पाण्याचा फवारा मारला की शांत झाल्यासारखी वाटते, आणि चार दिवसांनी पन्नास पावलांवर पुन्हा धूर निघतो. झाडं मुळं जळून उभीच्या उभी कोसळतात. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला, असा हिशेब नंतर मांडला गेला. जगभरच्या खनिज इंधनातून वर्षाला जितका जातो, त्याच्या १३ ते ४० टक्के.

जळत्या जंगलातून बाहेर पडलेल्या माद्या वस्त्यांजवळ, मळ्यांजवळ आल्या, मारल्या गेल्या, आणि पिल्लांचा लोंढा सुरू झाला. मध्य कालिमांतानमधल्या पालांकारायाजवळ १९९९ मध्ये बीओएसचं न्यारू मेंतेंग केंद्र सुरू झालं, लोने ड्रोशर नील्सन या डॅनिश बाईंच्या पुढाकाराने. त्या आधी हवाईसुंदरी होत्या. पुढे पाम तेलाच्या मळ्यांनी आगीचं अधुरं काम हाती घेतलं, आणि काही वर्षांत या एका केंद्रात सहाशेहून जास्त ओरांगउटान झाले.

इथली ‘जंगलशाळा’ बरीच प्रसिद्ध झाली. सकाळी हातगाडीत पाच-सहा पिल्लं एकमेकांना धरून बसलेली, आणि ती ढकलत झाडीकडे निघालेल्या बायका. आसपासच्या गावांतल्या या बायकांना तिथे ‘दाई’च मानतात. झाडाखाली बसून त्या वाळवीचं वारूळ फोडून दाखवतात. खोटा साप टाकून स्वतः किंचाळतात, म्हणजे पिल्लांनाही भ्यायला कळावं. फोटोत हे फार गोड दिसतं. देणग्याही त्यावरच येतात, आणि त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्यातला कळीचा विषय गोड नाही. जे पिल्लू दाईच्या मांडीवर यायचं सोडत नाही, घरटं बांधायचं टाळतं, ते नापास. शाळेतून उत्तीर्ण होण्याची खूण म्हणजे पिल्लाला माणूस नकोसा होणं.

सात-आठ वर्षांची शाळा, मग नदीतल्या बेटावर अर्धमुक्त राहणी. आणि पुढे? २००२ च्या सुमारास उत्तीर्ण विद्यार्थ्यांची रांग लागली आणि सोडायला जागा उरली नाही. १९९५ च्या नियमात बसेल, मळेवाल्याला दिलेलं नसेल आणि पुढच्या वर्षी जळणार नाही, असं जंगल मिळेना. दहा-दहा वर्षं प्राणी पिंजऱ्यात वाढले. गाल फुगलेले मोठे नर झाले. २००७ मध्ये इंडोनेशियाने कृती आराखडा जाहीर केला की, २०१५ पर्यंत केंद्रांमधले सगळे ओरांगउटान जंगलात परत जातील. जंगल कुठलं, हे मात्र संस्थांनीच शोधायचं.

माझ्या मते बीओएसच्या इतिहासातला खरा सांधा इथे आहे, बाजारातल्या त्या पिल्लापाशी नाही. पिल्लं सांभाळणारे लोक जमिनीच्या कागदांकडे वळले. साम्बोजा लेस्तारीत २००१ पासून त्यांनी सुमारे १,८५० हेक्टर ओसाड जमीन तुकड्या-तुकड्याने विकत घेतली होती. दर उन्हाळ्यात जळणाऱ्या आणि मुळांतून पुन्हा फुटणाऱ्या आलांग-आलांग गवताने ती व्यापलेली. तिथे झाडं वाढली, सूर्य-अस्वलांनाही आसरा मिळाला. पण लावलेल्या वनात शेकडो ओरांगउटान मावत नाहीत. मावास भागात, त्याच फसलेल्या भातयोजनेच्या तीन लाख हेक्टरवर, कालव्यांना बांध घालून पाणी अडवायचं काम त्यांनी घेतलं. तिथे रानटी ओरांगउटान आहेत, म्हणजे केंद्रातले सोडता येत नाहीत. तिथलं काम एकच, तिथल्यांना केंद्रात यायची वेळ येऊ द्यायची नाही.

सोडण्यासाठी जंगल हवं तर ते सरकारकडून पट्ट्याने घ्यावं लागणार होतं. इंडोनेशियात लाकूडतोडीला पट्टे मिळतात, आणि २००४ पासून परिसंस्था पुनरुज्जीवनाचेही मिळू लागले, पण ते कंपनीला. धर्मादाय संस्थेला नाही. म्हणून २००९ मध्ये बीओएसने आरएचओआय नावाची कंपनी काढली. २०१० च्या ऑगस्टमध्ये तिला पूर्व कालिमांतानमधल्या ८६,४५० हेक्टरचा साठ वर्षांचा परवाना मिळाला. त्यासाठी सुमारे चौदा लाख डॉलर मोजले. एकही झाड न तोडण्यासाठी. या जंगलाला त्यांनी केहजे सेवेन नाव दिलं. वेहेआ दयाकांच्या भाषेत त्याचा अर्थ ओरांगउटान.

२०१२ च्या फेब्रुवारीत मध्य कालिमांतानच्या बाटीकाप जंगलात पहिली तुकडी सुटली, एप्रिलमध्ये केहजे सेवेनमध्ये. हेलिकॉप्टरने पिंजरे न्यायचे, माग काढता यावा म्हणून कातडीखाली छोटा रेडिओ-ट्रान्समीटर बसवायचा, मग माणसांनी महिनोन्‌महिने मागे फिरायचं. बाटीकापमध्ये दीडशेहून अधिक सोडल्यावर तिथली जागा संपत आली आणि २०१६ पासून बुकित बाका–बुकित राया राष्ट्रीय उद्यान निवडावं लागलं. २०१२ पासून एकूण पाचशेहून जास्त ओरांगउटान जंगलात गेलेत. २०१५ ची मुदत अर्थातच हुकली. उलट त्याच वर्षी सुमारे २६ लाख हेक्टर जळलं आणि नवी पिल्लं आली.

टीकाही आहे आणि ती हलकी नाही. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की, तांजुंग पुटिंगमध्ये पूर्वी सोडलेल्या राणी आणि सिस्वोयो या दोन माद्या दुसऱ्याच उपजातीच्या होत्या आणि त्यांचे वीसहून अधिक वंशज तिथे मिसळलेत. आता सोडण्याआधी डीएनए तपासतात. दुसरं म्हणजे, एका पिल्लावर दहा वर्षं खर्च करण्याऐवजी तोच पैसा उभं जंगल राखायला लावला तर जास्त ओरांगउटान वाचतील, असं कित्येक संशोधक म्हणतात. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओने लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले. त्यापुढे पाचशे म्हणजे काहीच नाही. आकड्यांत हे म्हणणं मला पटतं. पण जप्त केलेलं पिल्लू ठेवायला जागाच नसेल तर वनखातं जप्तीच करत नाही, हे याच बेटाने पूर्वी पाहिलंय.

काही जण कधीच सुटणार नाहीत. हिपॅटायटिस झालेले, हात गमावलेले, फार काळ पिंजऱ्यात राहून गवतावर पाय ठेवायला घाबरणारे. त्यांच्यासाठी पाण्याने वेढलेली बेटं आहेत. ओरांगउटानला पोहता येत नाही, त्यामुळे कुंपण लागत नाही. दिवसातून ठरल्या वेळी होडी फळं घेऊन येते.

केहजे सेवेनमध्ये सोडलेल्या माद्यांना आता जंगलात पिल्लं झाली आहेत. त्यांना कुणी दाई नाही, रेडिओही नाही. परवान्याची साठ वर्षं २०७० मध्ये भरतात. पुढे पस्तीस वर्षांच्या मुदतवाढीची सोय कागदावर आहे.