कुत्र्या-मांजरांचे कर्णविकार : बाह्यकर्णदाह व कानातील माइट

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतच्या नलिकेला सूज येणे म्हणजे बाह्यकर्णदाह. बोलीभाषेत ‘कान वाहणे’. कुत्र्या-मांजरांची कर्णनलिका सरळ नसते. ती आधी उभी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्याला भिडते. त्यामुळे मळ आणि ओल तळाशी साचून राहते. लोंबते कान, नलिकेतले केस, वारंवार पोहणे यांची त्यात भर पडते. मात्र कुत्र्याचा कान पुनःपुन्हा बिघडत असेल, तर मूळ बहुधा त्वचेच्या ॲलर्जीत असते. सुजलेल्या, ओलसर कानात मालासेझिया हे यीस्ट (सूक्ष्म बुरशी) आणि स्टॅफिलोकोकससारखे जीवाणू माजतात. नुसते जंतू मारून कान काही दिवस सुकतो, पण मूळ कारण तसेच राहिले तर पुन्हा वाहू लागतो. एकाच कानात अचानक त्रास सुरू झाला, तर गवताचे कुसळ आत अडकले नाही ना, हे पाहावे. मांजरात नलिकेतला मांसल कोंबही सापडतो.

ओटोडेक्टेस सायनोटिस हा कानातला माइट गोचिडाच्या दूरच्या नात्यातला, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. तो त्वचेत बीळ करत नाही. पृष्ठभागावर राहून कोंडा व स्राव खातो. अंड्यापासून प्रौढ माइट होण्यास सुमारे ३ आठवडे लागतात. प्रसार अंगाला अंग लागून होतो. आईकडून पिल्लांना, म्हणून मांजरीच्या पिल्लांत तो विशेष आढळतो. खाज भयंकर असते. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, भुरभुरीत मळ दिसतो. हा मळ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिल्यास पांढरे ठिपके सरकताना दिसू शकतात. तसे काही दिसले नाही म्हणून माइट नाहीत असे मात्र नाही, आणि यीस्टमुळेही मळ तपकिरी होतो. रंगावरून औषध ठरवणे ही सर्वांत नेहमीची चूक. खात्रीसाठी मळ खनिज तेलात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा नमुना रंगवला की यीस्ट शेंगदाण्याच्या आकाराचे, कोकाय प्रकारचे जीवाणू गोल व बॅसिलाय प्रकारचे दांड्यासारखे ओळखू येतात. दांडे दिसले तर स्यूडोमोनास या जीवाणूची शंका घेऊन कल्चर (जीवाणू वाढवून पाहण्याची चाचणी) करतात, कारण तो अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही.

औषधाआधी पडदा शाबूत आहे का, हे ऑटोस्कोपने (कानात पाहायच्या उपकरणाने) पाहतात. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन मध्यकर्णात उतरले, तर बहिरेपणा येऊ शकतो किंवा तोल जाऊ शकतो. मान एका बाजूला कलणे, चालताना झोकांडी, बुबुळे आपोआप झपाझप हलणे ही लक्षणे दिसली तर घरी कानात काहीही घालू नये.

पडदा शाबूत असल्यास कान असा धुतात : पाळ वर व किंचित बाहेर ओढून नलिका कोमट केलेल्या कर्णस्वच्छकाने भरावी, कानाच्या मुळाशी २०–३० सेकंद चोळावे (पचपच आवाज आला म्हणजे द्रव तळापर्यंत पोहोचला), मग जनावराला डोके झटकू द्यावे आणि दिसेल तेवढाच मळ कापसाने टिपावा. कापसाची काडी घालू नये, ती मळ वळणाच्या आत ढकलते. औषधाचे थेंब सुमारे १० मिनिटांनी घालावेत. ओल्या कानात ते पातळ होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट व टी ट्री तेल टाळावे. खाज थांबली म्हणून थेंब बंद करू नयेत. फेरतपासणीत नमुना स्वच्छ आला की मगच थांबवतात.

माइटसाठी आता मानेवर टाकायचे सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन, अथवा फ्लुरालानेरच्या गटातली औषधे वापरतात, मात्रा वजनावर. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्यावे लागते, अन्यथा माइट फिरून येतात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला जीवघेणे ठरते. कोली ही कुत्र्यांची जात व तिच्याशी संबंधित जातींत एमडीआर१ जनुकातल्या दोषामुळे आयव्हरमेक्टिन हे माइटवरचे औषध मेंदूत साचते, म्हणून ते अंदाजाने देऊ नये.

सतत खाजवल्याने वा डोके झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळ उशीसारखी फुगते. रक्त काढले तरी खाज असेपर्यंत ती पुन्हा भरते. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या कानात नलिकेची भिंत जाड होऊन तिच्यात चुन्यासारखा कडकपणा येतो. तेथे थेंब पोहोचत नाहीत आणि संपूर्ण नलिका काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.