साठचा लट्टू शंभरच्या लट्टूला कधी हरवतो?

इंदूरला आमच्या रामबागेत बल्बला कित्येकजण अजून ‘लट्टू’च म्हणतात. गणपती जवळ आले की माळ्यावरची जुनी तोरणं खाली उतरतात आणि दरवर्षीचा तोच घोळ: एक लट्टू उडालेला, अख्खी माळ काळोखात. मग पोरं विचारतात, दिवाणखान्यातला बल्ब गेला तर स्वयंपाकघरातला कसा चालू राहतो?

माळ एकसर जोडणीतली, घर समांतर जोडणीतलं. माळेत वीज एका लट्टूतून निघून पुढच्यात शिरते. दुसरी वाटच नाही. सारखे 40 लट्टू असले तर 230 व्होल्टची वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा येतात. घरात मात्र प्रत्येक दिव्याची वाट वेगळी आणि प्रत्येकाला पुरते 230.

इथवर शाळेतलंच. खरी गंमत तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बांची. 60 आणि 100 वॅटचे दोन बल्ब समांतर लावा, शंभरचा लख्ख. तेच एकसर लावा, साठचा उजळ आणि शंभरचा मलूल!

साठच्या तारेचा रोध जास्त, तापल्यावर 882 ओहमच्या आसपास, शंभरचा 529. समांतर जोडणीत व्होल्ट सारखे, म्हणून कमी रोधवाला जास्त वीज ओढतो. एकसर जोडणीत प्रवाह सारखा, म्हणून ज्याचा रोध मोठा त्याच्याकडे जास्त व्होल्ट जातात. साठच्याला 144, शंभरच्याला 86. हा हिशेब धरला तर पहिला 23 वॅट खातो, दुसरा 14. प्रत्यक्षात तफावत याहून मोठी, कारण नीट न तापलेल्या तारेचा रोध आणखी घटतो आणि शंभरच्याचे व्होल्ट आणखी उतरतात. बल्बवर छापलेला वॅट पूर्ण 230 मिळाले तरच खरा. (हे घरच्या प्लगवर करून बघू नका.)

दुरुस्तीवाल्यांचा ‘सिरीज बोर्ड’ यावरच चालतो. बिघडलेली इस्त्री शंभरच्या बल्बाशी एकसर जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, तार तुटली असेल तर पेटतच नाही. चांगल्या इस्त्रीतही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण तिचा रोध बल्बपुढे किरकोळ. तिथे कारागिराची नजरच लागते. एलईडी बल्ब या कामाला कुचकामी. त्याच्या पोटातलं सर्किट व्होल्ट कमी-जास्त झाले तरी उजेड सावरून धरतं, म्हणून जुना पिवळा लट्टू कारागीर जपून ठेवतात.