सील, हमी आणि रांग : सीमापार ट्रकवाहतुकीच्या तपासणीची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रस्त्याने होणारी मालवाहतूक पुन्हा सुरू झाली, तेव्हा वाटेतला प्रत्येक देश ट्रककडे संशयाने पाहत असे. पुढच्या देशासाठी निघालेला माल आपल्याच हद्दीत उतरवून विकला गेला तर कर बुडेल, या भीतीने ट्रक उघडला जाई किंवा करापोटी अनामत रक्कम ठेवून घेतली जाई. यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये काही युरोपीय देशांनी टीआयआर ('आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक' या अर्थाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे) नावाची व्यवस्था स्वीकारली. १९५९ मध्ये तिचा रीतसर करार झाला आणि १९७५ मध्ये तो सुधारण्यात आला. निघण्याच्या ठिकाणी कस्टम्सने माल तपासून मालकप्पा सीलबंद करायचा, वाटेतल्या देशांनी एरवी केवळ सील आणि कागद पाहायचे, आणि कर बुडालाच तर वाहतूकदारांच्या संघटनांच्या साखळीने ठरावीक मर्यादेपर्यंत तो भरून द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. तपासणी रद्द झाली नव्हती. ती सीमेवरून उचलून प्रवासाच्या दोन टोकांना नेली गेली होती. पुढच्या सात दशकांतल्या बहुतेक सुधारणा याच एका कल्पनेची रूपे आहेत, आणि त्यांतले घोटाळेही त्याच कल्पनेच्या फटीतून शिरलेले आहेत.

युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या) अंतर्गत सीमांवर मात्र कागदांचा ढीग कायम राहिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटालियन कस्टम्स कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समधील सीमांवर ट्रक अडकून पडले. संतापलेल्या चालकांनी ट्रक आडवे लावून रस्ते बंद केले आणि ही नाकाबंदी पाहता पाहता फ्रान्सभर पसरली. सीमा खुल्या करण्याची भाषा नेते आधीपासून करीत होतेच, परंतु ती निकडीची झाली ती या कोंडीमुळे, असे म्हणण्यास आधार आहे. जुलै १९८४ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सीमेवरील तपासणी टप्प्याटप्प्याने हटविण्याचा करार सारब्रुकेन येथे केला. जून १९८५ मध्ये पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याच्या शेंगेन करारावर सह्या केल्या, तर १ जानेवारी १९९३ रोजी एकल बाजारपेठेबरोबर अंतर्गत सीमांवरील कस्टम्स तपासणी संपली. शेंगेन म्हटले की आज पर्यटकांचा व्हिसा आठवतो, त्याच्या मुळाशी खोळंबलेले ट्रकचालक होते हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

याच काळात पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या आणि बाहेरच्या सीमांवरील वाहतूक एकाएकी वाढली. सिगारेट आणि मद्य यांचे ट्रक कर न भरता, केवळ दुसऱ्या देशात जात आहेत या नावाखाली निघत. माल वाटेतच काळ्या बाजारात उतरे आणि मुक्कामी पोहोचल्याचा खोटा शिक्का मारलेला कागद तेवढा परत येई. तो शिक्का खरा की खोटा हे पडताळण्यास काही महिने लागत, तोवर संबंधित कंपनी नाहीशी झालेली असे. युरोपीय संसदेने या गैरव्यवहारांसाठी खास चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९९७ मध्ये आला. कागदी शिक्क्यांच्या जागी संगणकीय संदेश आणण्याच्या कामाला या प्रकरणांमुळे वेग आला. दोष सीमा खुली असण्यात नव्हता. निघण्याचे टोक आणि पोहोचण्याचे टोक यांच्यात बोलणेच होत नव्हते, ही खरी उणीव होती.

उत्तर अमेरिकेत प्रश्न करचुकवेगिरीचा राहिला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने सीमेवरील तपासणी कमालीची कडक केली आणि अमेरिकेतील डेट्रॉइट व कॅनडातील विंडसर यांना जोडणाऱ्या ॲम्बॅसेडर पुलावर ट्रकांच्या कित्येक तासांच्या रांगा लागल्या. वाहन कारखाने सुट्या भागांचा साठा जवळपास न ठेवता रोजच्या पुरवठ्यावर चालत असल्याने फोर्डला आपले काही कारखाने तात्पुरते थांबवावे लागले. ठरलेला एक तासाचा उशीर वेळापत्रकात बसवता येतो, पण कधी अर्धा तास तर कधी अर्धा दिवस अशी अनिश्चितता कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही. डिसेंबर २००१ मध्ये दोन्ही देशांनी 'स्मार्ट बॉर्डर' जाहीरनामा काढला. त्याच सुमारास अमेरिकी कस्टम्सने सी-टीपॅट हा स्वेच्छेचा कार्यक्रम सुरू केला, ज्यात कंपनीने आपली गोदामे, सील आणि कर्मचारी यांची सुरक्षितता सिद्ध करायची आणि मोबदल्यात कमी तपासणी पदरात पाडून घ्यायची. पुढे मान्यताप्राप्त ट्रकांसाठी 'फास्ट' नावाच्या वेगळ्या मार्गिका आल्या. मालाची माहिती ट्रक पोहोचण्याच्या एक तास आधी, आणि फास्टमधील ट्रकसाठी अर्धा तास आधी, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवणे बंधनकारक झाले.

फास्टची अट मात्र कठीण आहे. आयातदार, वाहतूकदार आणि चालक हे तिघेही मान्यताप्राप्त असावे लागतात. त्यामुळे अनेकांचा थोडा थोडा माल एकत्र नेणाऱ्या ट्रकमध्ये एकाचा माल जरी अमान्य असला तरी सगळा ट्रक साध्या रांगेत जातो. शिवाय वेगळी मार्गिका चौकीजवळच सुरू होत असेल, तर त्याआधीच्या एकाच रस्त्यावर मान्यताप्राप्त चालकही इतरांमागेच ताटकळतो. विश्वासार्हता सिद्ध करण्याचा खर्च मोठ्या कंपन्यांना सहज झेपतो, दोन-चार ट्रक असलेल्या वाहतूकदाराला तो जड जातो, आणि या व्यवस्थांच्या गौरवात ही बाब फारशी मांडली जात नाही. विश्वासार्हता सिद्ध करणाऱ्याला कमी तपासणी, हीच कल्पना जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये 'सेफ' नावाच्या नियमांच्या चौकटीतून जगभर नेली आणि अनेक देशांत 'अधिकृत व्यापारी' असा दर्जा रूढ झाला.

मेक्सिकोच्या सीमेवर दुसरा पेच आहे. तेथे माल सहसा एकाच ट्रकने सीमा ओलांडत नाही. मेक्सिकन ट्रक तो सीमेपर्यंत आणतो, दुसरा छोट्या पल्ल्याचा ट्रक पूल ओलांडून देतो आणि तिसरा अमेरिकेत पुढे नेतो. प्रत्येक हस्तांतर ही सीलशी छेडछाड होण्याची एक जागा असते. याला उत्तर म्हणून २०१६ मध्ये ॲरिझोनातील नोगालेस येथे दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी उभे राहून एकदाच तपासणी करू लागले. पूर्वी हेच काम दोन वेळा, दोन ठिकाणी होत असे.

एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी मेक्सिकोतून येणाऱ्या मालवाहू ट्रकांची राज्य पोलिसांकडून यांत्रिक सुरक्षेची सरसकट तपासणी सुरू केली. संघीय कस्टम्सची तपासणी पूर्ण करून आलेल्या ट्रकांनाही ही दुसरी रांग चुकली नाही. भाजीपाला ट्रकमध्ये सडू लागला आणि मेक्सिकन चालकांनी निषेध म्हणून टेक्सासमधील 'फार' (Pharr) या गावाचा सीमेवरील पूल अडवला. सुमारे दहा दिवसांत, शेजारच्या चार मेक्सिकन राज्यांच्या गव्हर्नरांशी करार झाल्यावर, ती मोहीम मागे घेण्यात आली. तोवर चार हजारांहून अधिक ट्रक तपासले गेले होते. त्यांत सापडले ते सदोष ब्रेक, झिजलेले टायर आणि बंद दिवे. अमली पदार्थ सापडल्याची नोंद राज्य पोलिसांकडे नव्हती.