अंतराळात नाकाला खाज आली तर?

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत डाऊनी या बुरशीच्या धास्तीने फवारण्या सुरू होतात. मागच्या हंगामात मामेभावाच्या बागेत गेलो, तेव्हा तो नुकताच ट्रॅक्टरवरून उतरत होता. अंगात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचा सूट, गॉगल, मास्क, रबरी हातमोजे. सूट काढला तर आतला शर्ट पिळून घ्यावा इतका ओला. औषधाचा थेंबही आत गेला नव्हता, सगळं पाणी त्याचं स्वतःचंच. "आपल्याला हे अर्धा तास सहन होत नाही," तो म्हणाला, "ते अंतराळवाले सहा-सात तास कसे काढतात रे? नाकाला खाज आली तर काय करत असतील?"

प्रश्न खाजेचा होता, पण निम्मं उत्तर त्याच्या शर्टातच होतं. अंतराळ थंडगार, म्हणजे स्पेससूट हा जाडजूड स्वेटर, असं आपण धरून चालतो. पण अंगाची ऊब वाहून न्यायला बाहेर हवाच नाही. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते म्हणून चहा गरम राहतो. सूटमधला माणूस हा तसाच थर्मासमधला चहा, फक्त हा चहा स्वतः तापत राहतो. अंगमेहनत करताना शरीर सहज ३००-४०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. १९६६ साली अमेरिकेच्या जेमिनी-९ए यानातून बाहेर पडलेले यूजीन सर्नन यांच्या सूटमध्ये थंडाव्यासाठी नुसता वायू खेळवलेला होता. तो पुरला नाही. शिरस्त्राणाची काच आतून इतकी धुरकटली, की नाकाने घासून मोकळ्या केलेल्या जागेतून त्यांना बघावं लागलं.

त्यानंतर पाण्याची बंडी आली. आजही अंतराळवीर सगळ्यात आत एक घट्ट कपडा घालतात, त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या ओवलेल्या असतात. त्यातून फिरणारं पाणी अंगाची उष्णता उचलतं आणि पाठीवरच्या पेटीत नेतं. तिथे जे घडतं ते आपल्या माठाचंच भावंड आहे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. पेटीत मातीऐवजी सच्छिद्र धातूची पट्टी असते आणि तिच्या पलीकडे थेट निर्वात पोकळी. त्यामुळे झिरपलेलं पाणी आधी गोठतं आणि मग तो बर्फ न वितळता उडून जातो. मला सूटमधली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

अर्थात पाणी जवळ बाळगायचं म्हणजे त्याचाही धोका आला. १६ जुलै २०१३ रोजी अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना इटलीचे लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागलं. पाठीवरच्या यंत्रणेतली बारीक छिद्रं तुंबली होती. वजनरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, कातडीला चिकटून पसरतं. ते डोळ्यांवर आलं, नाकात शिरलं. सुरक्षादोर चाचपडत ते कसेबसे आत पोहोचले. तेव्हापासून शिरस्त्राणात पाणी शोषणारी घडी आणि श्वासासाठी एक जादा नळी असते.

पण सूट बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी उष्णता किंवा पाणी नाही, हवा आहे. दाब नसेल तर अंगातलं पाणी शरीराच्या तापमानालाच उकळू लागतं. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना नासाचे तंत्रज्ञ जिम लब्लांक यांच्या सूटची नळी निसटली. काही सेकंदांत त्यांची शुद्ध गेली. ते वाचले, आणि जिभेवरची लाळ उकळत होती ही शेवटची आठवण त्यांनी नंतर सांगितली.

मग भरा की हवा! अडचण इथूनच सुरू होते. सायकलची रिकामी ट्यूब बोटांनी हवी तशी दुमडते, पंक्चरवाल्याने हवा भरली की काठीसारखी ताठ होते. सूटचा हात म्हणजे ती ट्यूब. कोपर वाकवलं की आतली जागा कमी होते, हवा दबते आणि ते दाबण्याचं काम तुमच्या दंडाला करावं लागतं. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह इतिहासात पहिल्यांदा यानाबाहेर तरंगले, जेमतेम १२ मिनिटं. तेवढ्यात सूट फुगला, बोटं हातमोज्यांतून मागे सरकली आणि यानाच्या हवाबंद कक्षात परत शिरता येईना. शेवटी त्यांनी सूटमधली हवा थोडी सोडून दिली, तेव्हा आत जाता आलं.

म्हणून सूटमध्ये पूर्ण वातावरणाचा दाब ठेवतच नाहीत. नासाच्या स्थानकावरच्या सूटमध्ये तो एक तृतीयांशाहूनही कमी असतो, पण भरलेला असतो शुद्ध ऑक्सिजन, त्यामुळे श्वासाला कमी पडत नाही. मात्र दाब एकदम उतरवला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे उठतील. म्हणून बाहेर जाण्याआधी बराच वेळ नुसता ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन अंगातून काढून टाकावा लागतो.

इतकं करूनही तळहाताएवढ्या जागेवर वीसेक किलोचा रेटा उरतोच. अपोलोच्या सूटमध्ये गुडघ्या-कोपरांना बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या रबरी घड्या होत्या: आतल्या बाजूला घडी मिटली की बाहेरच्या बाजूला उघडते, आतली जागा जवळपास तेवढीच राहते. लांबी वाढू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तारा. खांद्याला आणि मनगटाला फिरती कडी. पण बोटांचं काय? दहा बोटं, प्रत्येकाला सांधे, आणि स्क्रू तर फिरवायचाच आहे. हातमोजे ज्याच्या-त्याच्या मापाचे असूनही दिवसभर ती हवा मुठीत दाबून काही अंतराळवीरांची नखं उखडलेली आहेत.

अपोलोचे सूट शिवणारी आयएलसी ही प्लेटेक्स या बायकांच्या अंतर्वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या नावाच्या घरातली कंपनी. चंद्रावर गेलेला सूट शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांनी शिवला. टाचणी वापरायची तर मोजून, कारण विसरलेली एक टाचणी म्हणजे भोक. येवल्यात पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथे एक धागा चुकला तर साडी उसवून परत विणता येते, इतकाच फरक.

हे सगळे बाहेर काम करण्याचे सूट. आपले शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अंतराळात गेले तेव्हा अंगात होता तो हलका सूट यानातल्या दाबगळतीपुरता असतो. त्याचं महत्त्व १९७१ मध्ये कळलं. सोयुझ-११ या सोव्हिएत यानाचे तिघे साध्या कपड्यांत परतत होते, वाटेत झडप उघडली आणि तिघेही गेले. शुक्ला हवाई दलात सुखोई-३० चालवत, आणि ती विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनतात, हे मी भावाला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण खाजेचं काय?"

तर शिरस्त्राणात नाकासमोर एक छोटा फोमचा ठोकळा असतो. दाब बदलताना कानात दडे बसतात, तेव्हा त्यावर नाक दाबून हवा फुंकायची आणि कान मोकळे करायचे, यासाठी तो बसवलेला. अंतराळवीर त्यावर नाक खाजवतात.

भावाने गॉगल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "ह्याला लावता येईल का तसं काही?"